बंद लिफ्टच्या दारावरचा कागद

आमच्या पुनर्वसनाच्या इमारतीत लिफ्ट बंद आहे. तिच्या दारावर संस्थेच्या ताईंनी एक रंगीत कागद चिकटवलाय, ‘आपली ताकद’. येताजाता तो दिसतो आणि डोकं तापतं.

मीटिंगमध्ये ताई म्हणाल्या होत्या, "काय नाही ते नको, काय आहे ते सांगा." कुणी शिवणकाम सांगितलं, कुणी भजन. शेजारचा दत्तू बोलला, "आजारी माणसाला आम्ही चौघं खुर्चीत बसवून सात मजले उतरवतो." ताईंना ते फार आवडलं. कागदावर सगळ्यात वर तेच लिहिलंय.

त्या खुर्चीत शेवटची बसली ती माझी बायको. चौथ्या मजल्यावर त्यांनी दम घ्यायला खुर्ची टेकवली, तेव्हा म्हणाली, "हळू रे, तुम्ही पण दमलात." खाली पोचेपर्यंत ती गेली होती. त्या चौघांना मी बोल लावत नाही. पण आमचे हालच आमचे गुण ठरले, तर लिफ्ट दुरुस्त कोण करणार?

काल ताईंनी विचारलं, "काका, तुमचं काय लिहू?"

म्हटलं, "माझं राहू द्या. दत्तूचे गुडघे गेलेत, तेवढं लिहा."