ओदिलियाच्या फुलोऱ्याची कत्तल

ओदिलिया रागावली की अंगणातल्या कोंबड्यांना आधी कळतं, गल्लीला मागून. एकसष्ट वर्षांची बाई. नवऱ्यामागे मेस्कल दारूच्या घायपातीचं शेत एकटीने सांभाळलं आणि जिभेला लगाम कधी घातला नाही. पण फुलोऱ्यावरून ती जी पेटली, ती अजून विझलेली नाही. खरं सांगायचं तर या वेळी बाईचं काही चुकलंही नव्हतं.

तिच्या सासऱ्याने गाढवावर घालून एकच घायपात आणली होती. तिच्या बुडाशी मुनवे फुटले, ते लावले. त्यांना फुटले, तेही लावले. तेराशे झाडं झाली, आणि म्हटलं तर सगळी मिळून एकच. बी हवंय कुणाला? फुलोऱ्याचा दांडा वर चढला की बुंध्यातली साखर फुलांत जाते, म्हणून तो कोवळा असतानाच छाटायचा. न छाटणारा आळशी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग तीन वर्षांपूर्वी लाल कूज आली आणि एका पावसाळ्यात चारशे झाडं आडवी झाली. एकाला जे सोसवलं नाही, ते कुणालाच सोसवणार नव्हतं.

तेव्हा ओदिलियाने बांधावरचं दणकट झाड हेरलं आणि त्याला फुलू दिलं. बियांतून येणारं रोप दरखेपेला वेगळं निघतं. त्यातली दहा तरी कुजेला पुरून उरतील, एवढीच तिची आशा. "म्हातारपणी फुलांचा शौक!" गावाने खिदळून घेतलं. तीन पुरुष उंच दांडा कळ्यांनी लगडला.

नेमकी बहीण आजारी पडली आणि ओदिलियाला आठ दिवस टेकडीपलीकडे जावं लागलं. धनी गावात नसला की शेजाऱ्यांनी न सांगता त्याचं काम उरकायचं, आणि त्याने येऊन जेवू घालायचं, ही आमची रीत. केलेल्या मदतीवर रागवायची सोय नाही. तिचा दीर सेनोबियो चार गडी घेऊन गेला, तण काढलं आणि जाता जाता शिडी लावून सगळा फुलोरा छाटला.

ओदिलियाने दात-ओठ खात टर्की कापली, मिरच्या वाटून तिचं मोले रांधलं. रीत म्हणजे रीत.

"वहिनी, मिरची जरा जास्त झालीय."

"गिळ. मदत केलीस ना? आता पाहुणचार सोस."

"झाड वाया चाललं होतं हो. दांडा मुद्दाम उभा ठेवलाय. वाळला की चांगला वासा होईल."

"तोच वासा तुझ्या टाळक्यात घालीन!"

दोन महिन्यांनी सेनोबियो नाचत आला. "वहिनी, चला लवकर! दांड्यावर पिल्लं धरलीत! दीडशे तरी असतील. बघा, माझ्या हाताचा गुण!"

तिने दांड्यावरचं एक इवलं रोप खुडलं आणि त्याच्या नाकाशी धरलं. "फुलं तोडलीस म्हणून ही फुटली. बाप नाही, परकं रक्त नाही. तेच पान, तेच मूळ, मरायची रीतही तीच. कूज आली की एका ओळीत झोपतील. मला वेगळी हवी होती रे, गाढवा!"

"दिसायला तर गोड आहेत..."

"गोड? थांब. तू मदत केलीस, मी जेवू घातलं. आता मी मदत मागते. तुझ्या विहिरीजवळची घायपात, बायकोच्या माहेरची, तिला दांडा येतोय. तिला फुलू द्यायचं."

"अहो, ती तर यंदाच भट्टीला जायची!"

"मग नाही म्हण. चौकात चल, चारचौघांत म्हण."

मागितलेली मदत नाकारणाऱ्याच्या दारी आमच्याकडे मयताला चार खांदेकरीही येत नाहीत. सेनोबियोने मान डोलावली.

तेव्हापासून ओदिलिया त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसते, मांडीवर कोयता. जाऊ हसू दाबत कॉफी आणून देते. फुलं येऊन गेली, संध्याकाळी पराग पोचवणारी वटवाघळं येऊन गेली, आता बोंडं धरलीत, पण अजून हिरवी आहेत. आणि सेनोबियो आपली विहीर सोडून शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरतो.