मावशीच्या सोबतीला कोण?

मावशीला दिसत नाही हे सगळ्यात आधी आईच्या गालाला कळलं. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नेहमीप्रमाणे मावशी येऊन राहिली होती. आईला उताणं झोपवून ती थेंब घालायला वाकली, बाटली दाबली, आणि थेंब पडला गालावर. दुसरा नाकाजवळ.

"अगं, डोळा वर आहे माझा," आई म्हणाली.

"तूच सारखी हलतेस."

आई मुळीच हलली नव्हती. मी दारात उभी राहून बघत होते. मग मावशीनं डाव्या हाताच्या बोटांनी आईचा गाल चाचपला, खालची पापणी शोधली, ती ओढून धरली आणि अंदाजानं थेंब सोडला. या वेळी बरोबर डोळ्यात गेला. इतक्यांच्या डोळ्यांत, कानांत आणि तोंडांत औषधं घालून तिचा हात तयार झाला होता, आणि त्या हातावरच तिचं सगळं चाललं होतं.

"मावशी, तुझेही डोळे दाखवून घ्यायला हवेत," मी म्हणाले.

"मला काय धाड भरलीय? हल्ली सुयांची भोकंच बारीक करायला लागलेत मेले."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोन खोल्यांत एकटी राहते आणि शाळांचे गणवेश शिवते. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, याची प्रत्येक नातेवाइकाकडे वेगळी गोष्ट आहे. मावशीला मात्र कुणी विचारलेलं नाही. पण ती मोकळी आहे, यावर सगळ्यांचं एकमत. शिवण काय, कधीही होतं. त्यामुळे घरात कुणाचं पोट उघडायचं असो, हाड जोडायचं असो नाहीतर बाळंतपण असो, फोन मावशीला. आणि मावशीचं उत्तर ठरलेलं: "मी बघते."

तिची एक पिशवी दाराच्या खुंटीला कायम भरलेली लटकत असे. टॉवेल, वाटी-चमचा, नेलकटर, सेफ्टी पिना, बारका रेडिओ आणि एक चपटी उशी. उशी पेशंटसाठी नाही, सोबतीला बसणाऱ्यासाठी. दवाखान्यातल्या खुर्च्या मुद्दाम कंबर मोडायलाच बनवतात, असं तिचं ठाम मत होतं. कोणत्या वॉर्डात कोणती सिस्टर चिडकी, कुठल्या मजल्यावर प्यायचं पाणी येतं, डॉक्टरांना कोणत्या वेळी गाठलं तर ते दोन वाक्यं जास्त बोलतात, हे सगळं तिला पाठ. पेशंट बरा होऊन घरी गेला की सगळे पेशंटला भेटायला येत. मावशी तोवर आपली पिशवी घेऊन जिना उतरत असे.

मागे लागून लागून मी मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवा मारला आणि भुवया उंचावल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजव्यातला तर पार पिकलेला.

"अहो, इतके दिवस कुठे होतात तुम्ही?"

"दुसऱ्यांकडे," मावशी म्हणाली.

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं बाई विनोदी आहेत.

ऑपरेशनची तारीख ठरली. डॉक्टरांनी बजावलं की आधी उजवा करू, डावा नंतर. पण थेंब वेळच्या वेळी पडले पाहिजेत, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला हात तर अजिबात नाही. घरी सोबत पाहिजेच. आईचे गुडघे मावशीचा जिना चढण्यातले नव्हते आणि आमच्याकडे यायला मावशी तयार नव्हती, शिवण अडलं होतं म्हणून. मग मी थोरल्या मामाला फोन केला. मामा आमच्या घरातले सल्लागार. स्वतः काही करत नाहीत, पण सगळं कसं करावं हे त्यांना ठाऊक असतं.

"डोळ्याचं तर ऑपरेशन," मामा म्हणाले. "त्यात एवढं काय? धाकटीला बोलावून घ्या. ती बघेल."

"मामा, ऑपरेशन धाकटीचंच आहे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"अरे हो की," मामा म्हणाले. "मग कोण?"

त्या 'मग कोण'वर मला हसूही आलं आणि संतापही आला. इतक्या माणसांच्या उशाशी बसलेल्या बाईच्या उशाशी बसायचं तर सगळं खानदान गडबडून गेलं. मामींकडे पाहुणे येणार होते. मामेभावाला ऑफिसातून सुट्टी मिळत नव्हती. शेवटी मामाच म्हणाले, "तू घरूनच काम करतेस ना? मग मोकळीच आहेस की."

मी घरून काम करते म्हणजे सकाळपासून कानात यंत्र खुपसून लोकांच्या तक्रारी ऐकते. त्यांचं इंटरनेट बंद पडलं की ते माझ्यावर ओरडतात, मी त्यांची माफी मागते. पण याला आमच्याकडे मोकळं असणं म्हणतात. मी लॅपटॉप उचलला आणि मावशीकडे राहायला गेले.

ऑपरेशनच्या दिवशी तिनं खुंटीवरची पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली. "उशी आहे आत. लाजू नकोस, घे पाठीला."

दवाखान्यात तिला हिरवा झगा आणि डोक्यावर कागदी टोपी चढवली. रांगेत तशाच टोप्या घातलेले सहा-सात जण डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसले होते. मावशी शेजारच्या म्हाताऱ्याला समजावत होती की दुखत नाही, फक्त रंगीत उजेड दिसतो, घाबरायचं कारण नाही. तिचं स्वतःचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, पण अनुभव इतरांचा भरपूर होता. तेवढ्यात सिस्टर बाहेर आली.

"पेशंटच्या सोबत कोण आहे?"

"मी," म्हणत मावशी उठून उभी राहिली. झगा, टोपी, उजव्या भुवईवर चिकटपट्टीची खूण, सगळ्यासकट.

सगळी रांग हसली. सिस्टर हसली. मावशी पण हसली आणि मग हळूच खाली बसली. मला काही हसू आलं नाही. मी पुढे जाऊन म्हटलं, "मी आहे सोबत," आणि ते बोलताना उगाचच माझा आवाज चढला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं धरून विचारलं किती, तर मावशी म्हणाली, "बोटं राहू द्या. तुमच्या बाहीचं बटण सुटत आलंय, घरी गेल्यावर टाका मारून घ्या."

ऐकायला हे सगळं छान वाटतं. पुढचे दिवस मात्र छान नव्हते. मावशीइतका वाईट पेशंट मी पाहिला नाही. मी फोनवर कुणाची तरी माफी मागत असले की ती गुपचूप उठे आणि मलाच चहा करून आणे. चप्पल शोधायला वाकली, म्हणून मी ओरडले. पाण्याचा हंडा सरकवायला गेली, म्हणून ओरडले. डोळ्याला पाणी लागू नये म्हणून खुर्चीत मान मागे टाकून डोकं धुवायचं, तर ती म्हणे, "तुझी कंबर दुखेल." काळा चष्मा लावून ती मशीनपाशी बसलेली सापडली तेव्हा मी सुई काढून लपवून ठेवली. आणि थेंब! दोन बाटल्या, एकीनंतर दुसरी, मध्ये जरा थांबायचं, दिवसातून इतक्यांदा की मोबाईलचा गजर मला झोपेतही ऐकू येई. माझा पहिला थेंब तिच्या कानात गेला.

"हात टेकव माझ्या कपाळावर," मावशी झोपल्या झोपल्या शिकवायची. "टेकव गं, मोडत नाही मी. हां. आता मला सांग वर बघ म्हणून. सांगायचं असतं पेशंटला."

"वर बघ."

"प्रेमानं सांग."

मला प्रेमानं सांगता येत नव्हतं. मला झोप हवी होती. मला माझं घर, माझा पलंग आणि एक तरी दिवस असा हवा होता की ज्यात कुणी मला काही मागणार नाही. आई रोज फोन करून "कशी आहे ती?" विचारायची. मी कशी आहे हे कुणी विचारत नव्हतं, आणि तसं वाटलं की मला माझीच लाज वाटायची. मी इतक्यातच टेकीला आले होते. मावशीनं हे जन्मभर कसं काढलं असेल, हा विचार डोक्यात यायचा आणि मी तो झटकून भांडी घासायला जायचे.

एका दुपारी थेंब घालून झाल्यावर ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला आवडतंय हे. कुणीतरी आपल्या खोलीत वावरतंय, आपण पडून आवाज ऐकतोय. सगळ्यांची आजारपणं काढली. आपल्याही वाट्याला एखादं येईल, असं मी धरलंच नव्हतं."

"मग उठून चहा कशाला करतेस सारखी?"

"भीती वाटते," मावशी म्हणाली. "काही केलं नाही तर लोक कशाला ठेवतील आपल्याला, असं वाटतं."

इतकं सरळ ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली, ती आधीच सारखी होती.

मग तिनं मला खिडकीपाशी बोलावलं. काळा चष्मा काढला, डावा डोळा हातानं झाकला आणि नव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली. कापडाचा पोत बघावा तसं बघत होती.

"हे डोळ्यांखाली काय झालंय तुझ्या?"

"काही नाही. मी अशीच आहे."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं. तुला दिसत नव्हतं."

"नाही," ती म्हणाली. "तू अशी नाहीस. अशी मी होते."

आणि चष्मा लावून ती पलंगावर जाऊन बसली. त्यानंतर तिनं चहा केला नाही.

चार-दोन दिवसांनी मामांचा फोन आला. माझ्याच मोबाईलवर आला. हातात थेंबांची बाटली होती म्हणून मी स्पीकर लावला.

"काय म्हणतोय तिचा डोळा? झाला असेल ना आता बरा?"

"बरा होतोय, मामा. डावा अजून व्हायचाय."

"हो का? डाव्याची काही घाई नसते गं. त्याचं काय आहे, तुझ्या मामीच्या गुडघ्याचं ठरलंय. दवाखान्यात आठवडाभर, पुढे घरी दोनेक महिने. आमच्या सुनेला काही जमायचं नाही. म्हटलं धाकटीला विचारावं, पण तिला जमणार नसेल तर तू ये. तुझी आई सांगत होती, फार छान केलंस म्हणे सगळं. हात तयार झालाय आता तुझा. आणि तू काय, लॅपटॉप घेऊन कुठेही बसू शकतेस. मोकळीच आहेस."

मला नाही म्हणायचं होतं. अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण थोरल्या माणसांना नाही म्हणायचा सराव नसतो आणि थकलेल्या माणसाला वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जातं. माझ्या तोंडून निघालं, "बरं. मी बघते."

मावशीनं पलंगावरून मान वळवली. तो शब्द तिचा होता. माझ्या तोंडून, तसाच्या तसा, तिच्याच सुरात.

"दे इकडे," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मला वाटलं ती आता स्वतः जायला तयार होणार. मी फोन मागे घेतला. तिनं तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

"दादा, मी बोलतेय. ती येणार नाही."

"अगं, मग तू येतेस का? तुझा डोळा जरा—"

"मी पण नाही."

"मग कोण?"

मावशी पलंगावर उठून बसली.

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

मग तिनं फोन चष्म्याजवळ नेला, लाल खूण शोधली आणि ती दाबली. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढा आवाज येत होता.

"चिडेल तो," मावशी म्हणाली.

"चिडू दे."

"हं. चल, थेंबांची वेळ झाली."

ती उताणी झाली, चष्मा काढून छातीवर ठेवला आणि मी सांगायच्या आधीच वर बघत राहिली. मी तिच्या कपाळावर हात टेकवला. दुसऱ्या हातानं बाटली धरली. डोळा समोर होता, स्वच्छ, उघडा, पण मला तो एका जागी दिसेना. सगळं पाण्यातून बघावं तसं हलत होतं. मी बाटली दाबली. थेंब गालावर पडला.

"तुझेही डोळे दाखवून घ्यायला हवेत," मावशी म्हणाली.