कंसबाईचं मृत्युपत्र

शाळेत तिला कंसबाई म्हणत. गणिताच्या तासाला तेहतीस वर्षं ती एकच वाक्य म्हणत आली होती, "आधी कंस सोडवा, मग बाकीचा संसार." हा कंस गणितातला की पुराणातला, ते मुलांनी कधी स्पष्ट केलं नाही. ती म्हणायची, "गुणपत्रिका हातात पडली की ठरवत असतील."

स्टाफरूममध्ये तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून. मी भाषा शिकवते. तिच्या मते मी काहीच शिकवत नाही, फक्त मुलांशी गप्पा मारते आणि शाळा मला त्याचा पगार देते.

तिच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते, तेव्हा आमचे ग्रंथपाल सर अचानक गेले. पंधरा दिवसांनी त्यांची बायको कार्यालयात आली आणि कळलं की सरांच्या फंडाच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव आहे. नोकरी लागली त्या दिवशी लिहिलेलं. त्या बहिणीशी या घराचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक पुस्तकाचं कार्ड जागच्या जागी ठेवलं, त्याने स्वतःचं कार्ड तेवढं चुकीच्या कप्प्यात घातलं होतं. सरांची बायको बिचारी रोज येऊन कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायची.

कंसबाईने ते तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी मोकळ्या तासाला ती उठली, हेडक्लार्ककडे गेली आणि स्वतःचा फॉर्म काढायला लावला. परत आली ती हसत.

"मी मेले की माझा फंड कुणाला मिळणार, सांग."

"मुलांना?"

"वडिलांना. वय वर्षं छप्पन्न."

"अगं, पण ते तर..."

"जाऊन वीस वर्षं झाली. तसं बरंच आहे म्हणा. मीही तिकडेच जाणार, गाठून काढून घेईन त्यांच्याकडून."

हेडक्लार्क म्हणाला होता, बाई, अकरा महिन्यांनी सगळे कागद नव्यानेच करायचेत, आता कशाला उगाच डोक्याला ताप? ती म्हणाली, "अकरा महिने मी मरणार नाही, असं लेखी द्या." त्याने मुकाट्याने कोरा फॉर्म दिला.

दुसऱ्या दिवशी ती घरून एक प्लॅस्टिकची फाईल घेऊन आली. आत एकोणीस वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र होतं. नवराबायको पहिल्यांदा विमानाने जाणार होते, त्या भीतीपोटी केलेलं. विमान सुखरूप उतरलं आणि मृत्युपत्र कपाटात गेलं. तिने मधल्या सुट्टीत ते मला वाचून दाखवलं. सगळं नवऱ्याला, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. "माझ्या दोन्ही अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून" बहिणीचं नाव होतं.

"थोरला चौतिसाचा आहे," ती म्हणाली. "टक्कल पडलं, घटस्फोट झाला. कायद्याने कधीच सज्ञान झाला तो. माझा निकाल अजून राखून ठेवलाय."

तिच्यामागे सगळी वाटणी करून देणारा व्यवस्थापक म्हणून आमच्या जुन्या मुख्याध्यापकांचं नाव होतं. ते आता कोणालाही ओळखत नाहीत. दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता आणि दुसरा कुठे आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं. कंसबाईने कागद मिटला. "अख्ख्या मृत्युपत्रात जिवंत आणि शुद्धीवर अशी मी एकटीच उरलेय. आणि नेमकी मी मेल्यावरच ते उघडायचंय."

वकील तिचाच जुना विद्यार्थी निघाला. नववीत दोनदा गणितात गटांगळ्या खाल्लेला. चपलांच्या दुकानावर, एका जिन्याएवढ्या अरुंद खोलीत त्याचं ऑफिस. मला ती "भाषा तपासायला" म्हणून घेऊन गेली होती. आम्ही आत शिरलो तसा तो ताडकन उभा राहिला आणि ती "बस" म्हणेपर्यंत बसला नाही.

तिने हिशेब मांडला. घराचे तीन सारखे भाग. एक मुलाला, एक मुलीला, एक सुनेला.

"सूनबाई म्हणजे दादाची दुसरी...?"

"दुसरी कुठली? पहिलीच. पूर्वीची."

वकिलाने पेन खाली ठेवलं. मग सावधपणे विचारलं, "बाई, घर कोणाच्या नावावर आहे?"

"आमच्या दोघांच्या."

"आणि सरांचं मृत्युपत्र?"

ते नव्हतंच. तिच्या नवऱ्याने वीस वर्षांची विजेची बिलं क्रमवार लावून ठेवली होती, पण मृत्युपत्राचं नाव काढलं की म्हणायचा, घाई काय आहे?

"मग असं आहे," वकील म्हणाला आणि त्याने कागदावर एक चौकोन काढला. "निम्मं घर तुमचं. सरांचं निम्मं तुम्ही, दादा आणि ताई, तिघांत सारखं. म्हणजे दोघांना प्रत्येकी सहावा हिस्सा सर गेले त्याच दिवशी मिळालाय. तुम्ही वाटू शकता ते फक्त दोन तृतीयांश. उरलेलं तुमचं नाहीच."

तिने त्याच्या हातातून पेन घेतलं, पाकिटाच्या पाठीवर एक छेद दोन अधिक एक छेद सहा केलं, आणि दाढ उपटून घेतल्यासारखं म्हणाली, "बरोबर आहे." मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नववीत कुठे गेले होते रे हे अपूर्णांक?"

"तेव्हा त्यात कोणाचं घर नव्हतं, बाई."

आता मुलांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. रविवारी मुलगी दुसऱ्या गावाहून आली. मुलगा घटस्फोटापासून आईकडेच मागच्या खोलीत राहत होता. तिथे काय झालं ते तिने सोमवारी पहिल्या तासाआधी मला सांगितलं, सगळ्यांच्या आवाजांसकट.

मुलगा सुरुवातीलाच म्हणाला, "आई, असं अभद्र बोलू नकोस."

"मृत्युपत्र लिहून माणूस मरत असता तर मला जाऊन एकोणीस वर्षं झाली असती."

मुलगी म्हणाली, मला काही नको. मग म्हणाली, आरशाचं कपाट तेवढं. मग म्हणाली, आणि बाबांचं टेबल, पण ते दादाला नको असेल तरच. कंसबाईने सगळं लिहून घेतलं आणि मग सुनेचा विषय काढला. मुलाचा चेहरा पडला.

"आई, आमचा घटस्फोट झालाय!"

"तुझा झालाय. माझा कुठे झालाय?"

"अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी काही देत नाहीये, त्यांनी कशाला म्हणायचं? आणि हे बघ, सून मी निवडून आणली होती. मुलगा काय, जो निघाला तो घेतला."

मुलगी हसली. मुलगा नाही हसला. मग कंसबाईही हसायची थांबली. नवरा दवाखान्यात होता ते शेवटचे दोन महिने तिला आठवले. मुलगा दाराशी यायचा, बापाकडे बघायचा आणि पाणी आणतो म्हणून निघून जायचा. सून तेव्हा त्याच्यापासून वेगळी राहायला लागली होती. त्याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. रोज संध्याकाळी काम संपलं की वर येऊन सासऱ्याची दाढी करून जायची. तिने ते कोणाला सांगितलं नाही, कोणाकडून कौतुकही करून घेतलं नाही.

"तू वाईट नाहीस रे," कंसबाई मुलाला म्हणाली. "तुझं तिच्याशी जमलं नाही, एवढंच. पण माझं जमलं, त्याला मी काय करू?"

तो चपला घालून बाहेर पडला. तासाभराने आला आणि दारातूनच म्हणाला, "तिला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. दुसऱ्याने उदाहरण नीट वाचलं नाही की तेहतीस वर्षं त्याचे गुण कापणाऱ्या बाईने हे एक वाक्यच वाचलं नव्हतं.

सून गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी आली. तिने ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "आई, मला ते घर नको. तिथून मी चार बॅगा घेऊन निघाले होते. आता त्याचा तुकडा घेऊन कुठे ठेवू? तुमच्यामागे आम्ही तिघं कोर्टाच्या बाकावर बसू, ते वेगळंच."

कंसबाईला ते लागलं. इतकं की ती उठून चहा करायला गेली आणि त्यात साखर दोनदा घालून आली. सून मात्र तोवर फाईल उघडून बसली होती. तिने कागद तारखेप्रमाणे लावले. विम्यावर अजून सासऱ्यांचंच नाव आहे हे शोधलं. तीन किल्ल्या सापडल्या, त्यातली लॉकरची कुठली ते कोणालाच माहीत नव्हतं.

"हे सगळं तुमच्यामागे निस्तरणार कोण?"

"मुख्याध्यापक," कंसबाई नाइलाजाने म्हणाली.

"ते परवा माझ्या खिडकीवर आले होते. माझ्याकडे प्रवेशाचा अर्ज मागत होते." सुनेने फाईल बंद केली. "मला काही देऊ नका. हे काम द्या. त्या दोघांना भांडायचं असेल तर माझ्यासमोर भांडतील."

असं ते ठरलं. व्यवस्थापक म्हणून सुनेचं नाव गेलं. कंसबाई शुद्धीवर नसेल तेव्हा उपचारांचं कोणी ठरवायचं, त्या कागदावरही तिचंच. घर दोन मुलांना सारखं. दोघांनी आपापला सहावा हिस्सा आईच्या नावावर करून दिला. मुलीने आधी आरशाचं कपाट कागदावर आलंय ना ते बघितलं. मुलगा रागावेल असं आम्हाला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "म्हणजे हे सगळं मला नाही ना करायचं?" आणि सहा वर्षांत पहिल्यांदा आपल्या बायकोला, म्हणजे पूर्वीच्या, फोन करून आभार मानले.

साक्षीदार म्हणून मी आणि खेळाचे सर. सर मोठ्या आनंदाने इस्त्रीचा शर्ट घालून आले. मग वकिलाने समजावलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"तुम्हाला काय हवं होतं?" कंसबाईने विचारलं.

"हवं काही नव्हतं हो. पण नाही, हे असं वकिलाकडे बोलावून सांगायची काय गरज होती?"

त्यांनी सही केली, पण इतकी दाबून की खालच्या तीन कागदांवर उमटली.

निरोप समारंभात कंसबाईने भाषण केलं नाही. "आपला नॉमिनी शेवटचा कधी बघितला ते ज्यांना आठवतंय त्यांनी हात वर करा," एवढंच म्हणाली. एकही हात वर आला नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयाबाहेर अकरा जणांची रांग होती, आणि हेडक्लार्क त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं की पाणी पितो.

मृत्युपत्र आता दरवर्षी परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी काढून वाचायचं, असा तिचा नियम. यंदा मीही गेले होते. वाचून झालं, बदलण्यासारखं काही नव्हतं. सून मात्र उठेना. पदर नव्हता म्हणून ओढणीच पिळत होती.

"आई, एक सांगायचं होतं. मी लग्न करतेय."

कंसबाईने फाईल मिटली. मग तिने नाक ओढलं आणि विचारलं, "त्याच्या घरावर कोणाचं नाव आहे?"

"आई!"

"मी फक्त विचारतेय. पुढच्या गुरुवारी घेऊन ये त्याला. कागद आणायला सांग."

तो आला. उंच, घाबरलेला, काखेत एक बारीकशी फाईल. फंडाच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्याच्या आत्याचं नाव होतं. कंसबाईने चष्मा लावला आणि त्याला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.