गौरीच्या गळ्यातली बोरमाळ

हे मी कुठंच बोललेले नाही. म्हणजे एका बाईला सांगितलं, तेही गेल्याच महिन्यात; ते पुढं येईल. एरवी मी पुष्कळ बोलते. भोरला, वेल्ह्याला, बचतगटाच्या बायकांनी बोलावलं की जाते, माइक हातात घेते आणि माझी गोष्ट सांगते. पण त्या गोष्टीत एक खोट आहे. तुम्ही ऐकून घ्या. समजूत मात्र काढू नका.

सभेत मी सांगते, नेसत्या लुगड्यानिशी पोरीला कडेवर घेऊन घर सोडलं. बायकांना माझा धंदा माहीत असतो. भोरात दोन खोल्या घेतल्यात, तिथं आम्ही तांदळाच्या भाकरी थापतो आणि टेम्पोनं किकवीकडच्या हायवेवरच्या हॉटेलांना पाठवतो. थापणाऱ्या बहुतेकजणी माझ्यासारख्याच, मार खाऊन निघालेल्या. प्रत्येकीची मजुरी तिच्याच खात्यावर जाते आणि कार्ड तिच्याच कनवटीला राहतं. त्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तर रिकाम्या हातानं निघालेली बाई इथवर आली — केवढी छान गोष्ट!

मी रिकाम्या हातानं निघाले नव्हते.

नवरा दारू पीत नव्हता. लोक आधी तेच विचारतात म्हणून सांगते. शुद्धीत मारायचा. मी हायवेवरच्या एका कंपनीत पॅकिंगला जायचे. पगार बँकेत, आणि बँकेचं कार्ड त्याच्या पाकिटात. पोरीच्या खोकल्याच्या औषधासाठी माझ्याच पैशांना मी हात पसरायचा. एकदा कार्ड मागितलं, तर मनगट मोडलं. मग निघून का गेली नाहीस? — हे विचारणाऱ्यांना मी विचारते, कशावर जायचं? एसटीचं तिकीट, खोलीचं डिपॉझिट, पोरीचं दूध, हे काय नुसत्या धाडसावर मिळतं?

माझं म्हणावं असं एकच होतं. बापानं लग्नात घातलेली बोरमाळ आणि पाटल्या. तेही सासूच्या कपाटात, किल्ली सासूच्या कमरेला. वर्षातून एकदा, गौरी आल्या की गौरीला घालायला ते बाहेर निघायचं. बस्स.

आणि त्या घरात रंजना होती. माझी धाकटी जाऊ, आंबवड्याची. मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हा माझी वेणी तिनं घातली, माझ्या वाटणीच्या भाकरी तिनं थापल्या. तिच्या नवऱ्यानं, माझ्या दिरानं, तिच्यावर तोवर कधी हात उचलला नव्हता. आम्हा दोघींत तेवढाच फरक होता, आणि — मला तो सलायचा का? सलायचा. हेही आज सांगून टाकते.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी सगळे पंगतीला बसले असताना मी आत गेले. गौरीच्या गळ्यातली बोरमाळ काढली, हातातल्या पाटल्या काढल्या. माळ गेल्याचं दिसू नये म्हणून फुलांचे हार सारखे केले, पदर पुढं ओढला. देवीला त्याबद्दल काही बोलायचं असेल तर तिनं मला बोलावं. मी उत्तर देईन.

पण पुढचं ऐका. संध्याकाळी गौर उतरवायची वेळ झाली. दरवर्षी आम्ही दोघी मिळून उतरवायचो. त्या दिवशी मी रंजनाला म्हटलं, तू हो पुढं, मी म्हशीला पाणी पाजून येते. मुद्दाम गेले. हा 'मुद्दाम' तोंडातून निघायला मला इतकी वर्षं लागली. जी गौर उतरवेल तिच्यावर बालंट येणार, हे मला ठाऊक होतं. म्हशीला तहान नव्हती.

सोनं नाही म्हटल्यावर घरात आकांत झाला. रंजनाच्या भावाचं आंबवड्याला घराचं बांधकाम चाललं होतं. सासू म्हणाली, विटा कशाच्या आल्या ते आता कळलं. दिरानं रंजनाला सगळ्यांदेखत मारलं. पहिल्यांदा. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "जाऊबाई, तुमी तरी सांगा यास्नी."

मी मान खाली घातली. सोनं माझ्याच कमरेला, परकराच्या आत बांधलेलं होतं. आणि गंमत बघा, त्या रात्री अख्ख्या घराला माझा कळवळा आला. बिचारीचं माहेरचं सोनं गेलं म्हणून नवऱ्यानंसुद्धा मला हात लावला नाही.

रंजनाला माहेरी धाडलं. काही दिवसांनी मी पोरीला दवाखान्यात नेते म्हणून भोरच्या एसटीत बसले, ती परत गेलेच नाही. बोरमाळ विकून भोरजवळच्या उत्रोलीत खोली घेतली, तवा, परात, तांदळाचं पीठ घेतलं. पुढं पाटल्या विकल्या आणि धंदा वाढवला. नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं, ते तुमचंच स्त्रीधन, ती चोरी नव्हेच. मला ते आधीच माहीत होतं. आजही तीच वेळ आली तर गौरीच्या गळ्यातून पुन्हा काढीन.

रंजनाला मात्र माहेरच्यांनी हातापाया पडून परत नांदायला पाठवलं. एकदा उठलेला हात थांबत नाही. मला सगळं कळत होतं. मी गप्प होते. कोर्टात केस चालू होती, पोरगी हिसकावून नेतील — जाऊ द्या, कारणं नकोत.

मग वेल्ह्याच्या एका सभेत मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "ताई, पयल्या म्हैन्याचं भाडं कुठनं दिलं वो?" मी म्हणाले, घराबाहेर पाऊल टाकलं की वाट सापडते. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. खरंच रिकाम्या हातानं निघाली, आणि आठवडाही न काढता त्याच उंबऱ्याच्या आत परत गेली. मला हे दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आता ती तिथून पुन्हा कधी निघेल?

तेव्हा, गेल्या महिन्यात, मी रंजनाकडं गेले. ती अंगणात भात वाळवत होती, पायानं उलथत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुद्दाम गेले होते, हेही. तिचे पाय थांबले नाहीत. तशीच म्हणाली,

"मला सांगितलं असतं, तर माझं सोनंबी काढून दिलं असतं. मार काय, खाल्लाच असता. पन कशापायी खाते, त्ये तरी ठावं असतं."

मग सूप उचलून आत गेली. या, बसा म्हणाली नाही. तिनं का म्हणावं?

सोन्याची मला लाज नाही, कधी वाटणारही नाही. रंजनाची आहे. तिच्याकडं मी माफी मागितली नाही, आणि तुमच्याकडंही मागत नाही.