ईटच्या धुरपताबाईचा पुष्कराज

त्या दिवशी सिद्रामप्पा काका सकाळीच ईटच्या एसटीला निघाले. शांताकाकू म्हणली, "ओ, भाकरी खाऊन जावा की."

"आल्यावर खातो. एकच खडा राह्यलाय आता."

परंड्यात काकांचं खड्यांचं बारकं दुकान. खडा गारेच्या दगडावर ओढायचे, गारेला चरा पडला म्हंजी खडा टणक. मग उन्हात फिरवून आतली चमक बघायचे आन् शेवटी रंग सांगायचे. लोक त्यांच्या शब्दावर अंगठी करायचे.

यंदा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर पेटी उघडली, तर पिवळे पुष्कराज म्हणून ठेवलेले कितीतरी खडे पांढरे! डावा डोळा झाकला की पांढरे, उजवा झाकला की पिवळे. खडे अस्सल, टणक; पर पिवळेपणा काकांच्या डोळ्यातला व्हता. तवा लई दिवस त्यांना घास गोड लागला न्हाय. "म्या लोकांला पिवळा म्हणून पांढरा दिला गं," एवढंच काकूला म्हणायचे. मग गावोगाव जाऊन बदलून द्यायला लागले.

ईटहून दुपारी आले ते वैतागलेले, आन् हसतबी व्हते. "धुरपताबाई अंगठीच काढंना. म्हणती, अप्पा, मला तर हळदीवानी दिसतोय, तुमचाच डोळा बिघडलाय!"

"मग वो?"

"मग काय, तिच्याबी डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. उद्या पुन्ना जातो."

भाकरीचा तुकडा मोडला, भिंतीला टेकले, ते पुन्ना उठलेच न्हाईत. लिंगायतांच्या रिवाजापरमाणं त्यांना बसवून मातीला नेलं. रडताना काकूच्या मनात एकच, ह्यांचा जीव त्या खड्यात अडकला आसंल.

त्याच आठवड्यात धुरपताबाई दारात आली. साबण लावून अंगठी काढून आणली व्हती. "शांताक्का, हे धरा. अप्पा किती विनवीत व्हते, म्या चेष्टा केली. द्या बदलून."

काकूनं पेटी आणली. आतले खडे तिला समदे सारखेच. धुरपताबाई वाकून बघाय लागली.

"मला तर समदेच पिवळे."

"तुमाला इचारून काय उपेग मग!" काकू रडता रडता हसली.

त्या पेटीला काकांशिवाय कुणी हात लावत नव्हतं. काकूनं सुनेला हाक मारली, "महेश्वरी, तुझी नजर बरी हाय. पिवळा कोनता, बघ गं."

महेश्वरीनं पदराला हात पुसले, पेटी उचलली आन् अंगणात उन्हाला नेली.