चाचपणारं यंत्र

वाशीच्या बाजारात बांगड्या भरून घेत होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतून फोनवर चित्र आलं. तीन वर्षं खपून बनवलेल्या आमच्या सूक्ष्मदर्शकानं पहिल्यांदाच विषाणू टिपला होता! मी ओरडलेच.

बांगडीवाल्या चाची अनोळखी. नजर रस्त्यावर, बोटं माझा पंजा दाबताहेत. "काय झालं गं, बेटी?"

"चाची, आमच्या यंत्रानं एक जंतू टिपला! पण ते डोळ्यानं बघत नाही. त्यातली केसाहून बारीक पट्टी अणूंच्या चुंबकी ओढीनं थरथरते, त्या थरथरीवरून चित्र उमटतं."

"मंग? मी तरी कुठं बघतीय? बोटाला हाड कळतंय."

बोलता बोलता डझनभर बांगड्या चढल्या होत्या, एकही फुटली नव्हती. जे मला घरच्यांना कधी समजावता आलं नाही, ते चाचींना आधीच ठाऊक होतं.

त्यांनी शेजारच्या भाजीवालीला हाक मारली, "अगं, आमच्या पोरीनं जंतू चाचपला!"