वरची माती विहीणबाईंची

ये, अशी जवळ येऊन बस. उंबऱ्याशी काय टेकलीस परक्यासारखी? चार-चार महिन्यांनी उगवायचं आणि आल्या आल्या घड्याळाकडे बघायचं, ही कुठली गं रीत? चहा होतोय तोवर ऐक. माझ्या लेकीच्या सासूबद्दल, आमच्या विहीणबाईंबद्दल, तुला मी पुरतं कधी सांगितलंच नाही. सुरतेत किती मिला उभ्या राहिल्या नि किती बसल्या, पण विहीणबाईंना न विचारता त्यांची काडी हलवील असा माणूस अजून जन्माला यायचाय.

विचारणं हा त्यांचा धर्मच म्हण ना. कोणाच्याही दारात गेल्या की आधी "येऊ का?" आणि आतून "या" ऐकू आल्याशिवाय पाऊल आत नाही. एकदा मी मोरीत अंघोळीला बसलेली, घरात दुसरं कोणी नाही. बाहेर येऊन बघते तर बाई भर उन्हात डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन उभ्या. म्हटलं, "अहो, दार तर उघडंच होतं!" तर म्हणतात, "दार उघडं होतं, पण तुम्ही कुठं बोलल्या?" कढीपत्त्याची चार पानं तोडायची तरी झाडाशी काहीतरी पुटपुटतील. आणि जे स्वतः करतात ते दुसऱ्याकडून वसूलही करतात. लेकीच्या लग्नात आमच्या माणसांनी न विचारता मांडवाचा एक खांब वीतभर सरकवला, तर तो होता तिथे रोवेपर्यंत वरमाय जागची हलली नाही. मुहूर्त टळेल म्हणून शेवटी भटजींनीच पहार हातात घेतली!

अशा बाईच्या वावरात, सुरतेबाहेर कामरेजकडे, नव्वद सालानंतर कधीतरी गॅस शोधणाऱ्या कंपनीची माणसं शिरली. वावर सासऱ्यांच्या वेळचं. नवरा आणि मुलगा दोघे पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये, त्यामुळे ती काळीभोर माती बाईंनी एकटीनेच सांभाळलेली. माणसांनी लाल झेंड्यांच्या खुंट्या ठोकल्या नि गेली. बाईंनी सगळ्या उपटल्या, नीट मोळी बांधून घरात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब तणतणत आला. "आमच्या खुंट्या कुठे आहेत?" बाई म्हणाल्या, "बघा, आता कसं विचारलंत! न्या." आणि वर ताकाचा पेला दिला.

पण खरी काळजी आत लागली होती. मला बरोबर घेऊन त्या सुरतेच्या वकिलाकडे गेल्या. त्यांचा समज असा, की वावर आपलं म्हणजे पार पाताळापर्यंत आपलं. वकीलसाहेब हसून, आईला हाक मारावी तसं म्हणाले, "बा, उपरनुं तमारुं, नीचेनुं सरकारनुं." बाई चिडल्या. "म्हणजे वरचा मजला माझा, नि तळमजल्याला भाडेकरू मला न विचारता?" वकिलांनी शांतपणे समजावलं. खालचा गॅस आपला नाही, तो काढायला अडवताही यायचं नाही. पण आधी कळवावं लागतं, उभ्या पिकाची भरपाई द्यावी लागते, जागा वापरतील तितक्या काळाचा मोबदला द्यावा लागतो, आणि जाताना जमीन होती तशी करून द्यावी लागते. परतताना आमच्या बमरोलीच्या बसमध्ये बाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. मला वाटलं, हरल्या. उतरताना म्हणाल्या, "विहीणबाई, पोट सरकारचं असंल. कातडी तर माझी ना?"

मग त्या कातडीसाठी काय भांडल्या! यंत्र उभं करायच्या आधी वरची काळी माती खरवडून बांधाला वेगळी रचून ठेवा, जाताना तीच परत पसरा, एवढंच मागणं. साहेबाला आधी हसू आलं. पण बाई सोडतात? शेवटी मातीचा ढीग लागला, एखादं बसकं घर असावं तेवढा. खाली मुरूम उघडा पडला आणि यंत्र कितीतरी महिने घरघरत राहिलं.

गॅस काही काढण्याजोगा निघाला नाही. कंपनी आवरायला लागली आणि कानावर आलं, की ठेकेदार ती माती डंपरात भरून रस्त्याच्या भरावाला नेणार, नि वावरात नुसता मुरूम दाबून सपाट करून देणार. बाई जेवेनाशा झाल्या. मुरुमात काय उगवणार गं? आयुष्यभराचं वावर गेलंच म्हणायचं.

माती उचलायचं यंत्र आलं ते नेमकं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तुला ठाऊक आहे ना, आपल्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि नदीच्या दोन काठांवरच्या बाया एकमेकींना पोटभर शिव्या देतात? त्या दिवशीच्या शिवीचा राग धरायचा नसतो. माहेरी जाता न आलेल्या पांडेसऱ्या-बमरोलीच्या आम्ही बाया दरवर्षी विहीणबाईंच्या वावरातच जमायचो. त्या वर्षी बाई म्हणाल्या, "चला, यंदा काठ हाच." नि ढिगावर चढल्या! मागून आम्ही सगळ्या.

यंत्र पुढे सरकलं तशी बाईंनी सुरुवात केली. "मन्हा वावरमा काय करी ऱ्हायना रे? तुन्हा साहेबनं तोंड जसं फुटेल मडकं!" मग काय, आमच्याही तोंडाचे बांध फुटले. साहेब गुजराती, त्याला आमची अहिराणी काही कळेना. त्याने चालकाला विचारलं, "ए बधी शुं कहे छे?" चालक निघाला अमळनेरकडचा! त्याने यंत्र बंद केलं, डोळे पुसले. हसून की कशाने, देव जाणे. म्हणाला, "साहेब, तुमच्या सात पिढ्यांची विचारपूस चाललीय. आज आमची आखाजी. ह्या बायांवर मी यंत्र घालणार नाही."

बाई खाली उतरल्या, पदर नीट केला, साहेबापुढे हात जोडले. "भाऊ, शिव्या सणाच्या होत्या, पोटात ठेवू नका. आता कामाचं बोलते. तुमचं झालं. माझी माती मला पसरून द्या." साहेबाने त्या ढिगाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "बा, काले नाखीए तो चालशे?" म्हणजे उद्या टाकली तर चालेल का. बाई म्हणाल्या, "विचारलंत ना? मग चालंल."

आणि दुसऱ्या दिवशी पसरली हो माती, शेवटच्या टोपलीपर्यंत.

पण खरं सांगू? इतका काळ ढिगात पडलेली माती काही पहिल्यासारखी होत नाही. त्या तुकड्यात ऊस अजून बाकीच्यापेक्षा खुजाच राहतो. विहीणबाई आता थकल्यात. त्या तुकड्यात थोडी मेथी लावतात, नि येईल त्याला तिथलीच भाजी वाढून तोंडाकडे बघत बसतात. "लागते ना पहिल्यासारखी?" आम्ही सगळे "हो" म्हणतो. तू एकदा लवकर ये माझ्याबरोबर कामरेजला. दारात उभं राहून "येऊ का?" विचार, भाजी दोनदा मागून घे. आणि त्यांनी विचारलं, की हो म्हण.